स्वतःच्या नावाची गोष्ट ऐकून मूल झोपण्याऐवजी जागे का राहते?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. भांडुपला वन रूम किचनमध्ये आपण, आपले यजमान, सासूबाई आणि सव्वाचार वर्षांचा मुलगा असे चौघे राहता. मुलगा रात्री साडेअकराच्या आत झोपत नाही, म्हणून महिन्यापूर्वी आपण फोनवर एक अ‍ॅप घेतले. त्यात मुलाचे नाव, त्याच्या मित्रांची नावे आणि आवडीचे प्राणी घातले की त्याच्यावर बेतलेली नवी गोष्ट रोज तयार होते. पहिले चार दिवस तो ऐकता ऐकता झोपला. आता एक गोष्ट संपली की तो दुसरी मागतो, गादीवर उभा राहून राक्षसाला कसे मारले ते करून दाखवतो, आणि झोप लागायला पूर्वीपेक्षा अधिकच वेळ लागतो. गोष्टीच चुकीच्या आहेत की आपल्या मुलाला गोष्टींचा उपयोग होत नाही, असे आपण विचारले आहे. सासूबाईंना त्यांच्या जुन्या गोष्टी सांगू द्याव्यात का, आणि यजमान दहाला घरी आले की तो पुन्हा उठतो त्याचे काय करावे, हेही आपण विचारले आहे.

मी २२ वर्षे दादरला आठ वर्षांखालील मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे समुपदेशन करते. या काळात झोपेच्या तक्रारी घेऊन आलेल्या बहुतेक घरांत गोष्ट हा उपाय आधीच करून झालेला असतो, आणि तो फसला म्हणून पालक स्वतःला दोष देत असतात. आपण तसे करू नये. मूल आपल्या कुशीत पडून स्वतःविषयी काही ऐकू इच्छिते, याहून चांगली सुरुवात नाही. अडचण एवढीच आहे की ही गोष्ट मुलाला रमविण्यासाठी रचलेली आहे आणि आपण तिच्याकडून मुलाला निजविण्याचे काम घेत आहात. रमविणाऱ्या गोष्टीत पुढे काय होणार याची ओढ वाढत गेली पाहिजे आणि निजविणाऱ्या गोष्टीत तीच ओढ हळूहळू विरत गेली पाहिजे. एकाच गोष्टीकडून ही दोन्ही कामे होत नाहीत.

नावापासून सुरुवात करू, कारण अशा गोष्टींचा सारा भर नावावर असतो. स्वतःचे नाव हा माणसाला सावध करणारा सर्वांत प्रभावी शब्द आहे. लग्नाच्या मंडपात शंभर माणसांच्या कोलाहलात कोणी आपले नाव घेतले तर मान वळते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपलेल्या माणसांना नावांची यादी ध्वनिफितीवरून ऐकविण्यात आली, तेव्हा स्वतःचे नाव आले की मेंदूच्या आलेखात इतर नावांपेक्षा ठळक प्रतिसाद उमटत असे. झोपलेला मेंदूसुद्धा आपल्या नावासाठी एक कान उघडा ठेवतो. मग डोळे जड होत आलेल्या मुलाच्या कानावर पाच मिनिटांत पंधरा वेळा त्याचे नाव पडले तर दर वेळी ते थोडे वर ओढले जाणारच. आपल्या मुलाच्या बाबतीत त्याच नावापुढे तलवार, राक्षस आणि विजयही आहे. चार वर्षांचे मूल पराक्रम पडल्या पडल्या ऐकत नाही, ते तो अंगाने करते. तो गादीवर उभा राहतो यात त्याचा खोडकरपणा नाही, गोष्टीने त्याला उभे केले आहे.

दुसरे कारण रोजच्या नवेपणाचे आहे. पहिले चार दिवस तो झोपला, कारण हा प्रकार नवीन असला तरी आपण त्याच्याजवळ स्वस्थ पडून होता आणि बहुधा इतके दिवस तसा निवांतपणा मिळाला नव्हता. पुढे त्याच्या लक्षात आले की रोज काहीतरी वेगळे येते, आणि एक संपल्यावर दुसरी मागितली तर तीही मिळते. जे ठाऊक नाही त्यासाठी मन जागे राहते. जे पाठ झाले आहे ते ऐकताना मनाला काही करावे लागत नाही. मोठ्यांना एकच गोष्ट वीस रात्री सांगण्याचा कंटाळा येतो हे मी समजू शकते, पण लहान मुलाला तो कंटाळा येत नाही. पुढचे वाक्य आपल्याला माहीत आहे यातच त्याला सुरक्षितता वाटते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी तपासून घेऊ, नाहीतर उत्तम गोष्टही वाया जाईल. आपण लिहिले आहे की मुलगा पाळणाघरात दुपारी झोपतो, पण कधी आणि किती ते लिहिलेले नाही. कृपया उद्याच तेथील ताईंना विचारा. झोपेची ओढ ही जागेपणाच्या तासांतून साठत जाते. मूल साडेतीन ते साडेपाच झोपले असेल तर रात्री नऊला त्याच्या अंगात ती ओढ पुरेशी साठलेलीच नसते, आणि नसलेली झोप गोष्ट आणू शकत नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसाला १० ते १३ तास झोप हवी, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेची २०१६ सालची शिफारस आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी हाच आकडा दिला आहे. आपल्या घरचा हिशेब मांडू. साडेअकराला झोपून साडेसातला उठणे म्हणजे आठ तास, त्यात दुपारचा दीड तास मिळविला तरी साडेनऊच होतात. म्हणजे झोप कमी पडते आहे हे खरे, परंतु त्यावर दुपारची झोप एकदम बंद करणे हा उपाय नाही. ती अलीकडे आणावी, दीड ते तीनच्या दरम्यान, आणि साडेतीनच्या आत त्याला उठवावे. पाळणाघरातील ताई हे बहुधा ऐकतात, कारण त्यांनाही संध्याकाळी ताजेतवाने मूल सोपे जाते.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय आपल्या राज्य शासनाने मुलांच्या झोपेचाच विचार करून घेतला. मला तो मनापासून आवडला. पण माझ्याकडे येणाऱ्या काही घरांत सकाळी मिळालेला तास रात्रीच्या जागरणात खर्च होताना दिसतो. शाळा उशिराची आहे म्हणून रात्रीचे जेवण दहाला सरकले तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

उजेडाचेही तसेच आहे. अंधार पडू लागला की मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि ते शरीराला रात्र झाल्याचे कळविते. प्रखर उजेडाने हे स्रवण दबते, आणि लहान मुलांच्या डोळ्यांतून मोठ्यांपेक्षा अधिक उजेड आत पोहोचत असल्याने त्यांच्यावर हा परिणाम जास्त होतो. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला ‘मुलाची खोली काळोखी ठेवा’ असे सांगण्यात अर्थ नाही, हे मी चाळीत वाढलेली असल्यामुळे जाणते. स्वयंपाकघरातील दिवा चालू ठेवून मधला पडदा ओढता येतो, खोलीतील ट्यूब बंद करून लहान पिवळा दिवा लावता येतो, आणि दूरदर्शन संच अर्धा तास मुका राहू शकतो. फोन मात्र गादीवर आणू नये. अ‍ॅपवरची गोष्ट वापरायचीच असेल तर ती दुपारी वाचून ठेवावी, त्यातले हवे तेवढे घ्यावे आणि रात्री तोंडी सांगावी. अशा अ‍ॅपमध्ये मुलाचे पूर्ण नाव, शाळा, राहण्याची जागा आणि छायाचित्र घालू नये, एवढी सूचना मी सर्वच पालकांना करते.

गोष्ट ही साखळीतील शेवटची कडी आहे, हेही लक्षात ठेवावे. २००९ साली मानसशास्त्रज्ञ जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते ३६ महिने वयाच्या मुलांच्या ४०५ मातांबरोबर एक अभ्यास केला. त्यांतील एका गटाने दोन आठवडे रोज रात्री आंघोळ, मालीश आणि शांत वेळ असा ठरावीक क्रम पाळला. मुलांना झोप लवकर लागू लागली, रात्रीचे उठणे कमी झाले आणि मातांच्या मनःस्थितीतही सुधारणा दिसली. आपला मुलगा त्या मुलांपेक्षा थोडा मोठा आहे, तरी मला माझ्या कामात हेच दिसत आले आहे की आज काय केले यापेक्षा कालच्यासारखेच केले का, याला मूल अधिक प्रतिसाद देते. हातपाय धुणे, दात घासणे, देवाजवळ हात जोडणे, पाणी पिणे, शू करणे, आणि मग गोष्ट. हा क्रम रोज तोच असला म्हणजे गोष्ट सुरू होईपर्यंत मुलाचे शरीर अर्धे तयार झालेले असते.

आता गोष्ट कशी रचावी ते सांगते. आपण लिहिले आहे की त्याला लोकल गाड्यांचे फार वेड आहे आणि ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंतची सगळी स्थानके त्याला तोंडपाठ आहेत. आपल्या हातात एवढे सुंदर साहित्य असताना राक्षसाची गरज नाही. ठाण्याच्या पुढे मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला. आठ स्थानके, म्हणजे आठ पायऱ्या. प्रत्येक पायरीवर काहीतरी एक बंद होईल, एक आवाज कमी होईल, आणि शेवटी गाडी कुर्ल्याच्या कारशेडमध्ये जाऊन झोपेल. मी सांगितली असती तर अशी सांगितली असती:

“रात्रीची शेवटची फेरी झाली. ठाण्याला सगळी माणसे उतरली. गाडी रिकामी झाली. मोटरमन काका म्हणाले, ‘आज खूप पळालीस. चल, आता कारशेडला जाऊ.’ गाडी हळूच निघाली. मुलुंड आले. कोणी चढले नाही, कोणी उतरले नाही. पुढच्या डब्यातले पंखे थांबले. गाडी पुढे निघाली. नाहूर आले. कोणी चढले नाही, कोणी उतरले नाही. मधल्या डब्यातले दिवे मालवले. गाडी पुढे निघाली. मग भांडुप आले. भांडुपला एका घरात एक मुलगा पांघरुणात होता. त्याने आज निळा रंग सांडला होता, आणि मग ताईंबरोबर फरशी पुसली होती. त्याने आमटीभात खाल्ला होता. आजीबरोबर जिन्यावर मांजर पाहिली होती. आता त्याचा दिवस संपला होता. त्याची उशी मऊ होती. आई जवळ होती. गाडीने त्याच्यासाठी भोंगा वाजवला नाही. ती हळूच पुढे निघाली. कांजूरमार्ग आले. कोणी चढले नाही, कोणी उतरले नाही…”

यात मुलगा गाडीत बसलेला नाही, याकडे आपले लक्ष वेधते. तो गाडी चालवीत नाही, कोणाला वाचवीत नाही. गोष्टीतही तो आपल्या स्वतःच्या गादीवर, पांघरुणात आहे. म्हणजे गोष्टीतला मुलगा आणि ऐकणारा मुलगा एकाच ठिकाणी आहेत आणि त्याला कुठूनही परत यायचे नाही. जंगलात किंवा चंद्रावर नेलेल्या मुलाला शेवटच्या दोन वाक्यांत घरी आणून झोपविणे हे अपुरे पडते, कारण मन अजून तिकडेच असते. दुसरे असे की त्याचे नाव मी घेतलेलेच नाही. त्याला ओळख पटायला निळा रंग आणि जिन्यावरची मांजर पुरेशी आहे. सुरुवातीला त्याने हट्टच केला तर भांडुपला एकदा नाव घ्यावे, पण कांजूरमार्गच्या पुढे घेऊ नये. तिथून पुढे फक्त गाडी आहे, आणि तीही थांबत थांबत चालली आहे.

वैयक्तिक गोष्ट म्हणतात ती माझ्या मते भांडुपच्या त्या सात-आठ वाक्यांत आहे, आणि रोज बदलायचे तेवढेच. बाकीची सारी स्थानके आणि ‘कोणी चढले नाही, कोणी उतरले नाही’ हे पालुपद रात्रीमागून रात्री शब्दशः तेच ठेवावे. त्या दिवसातील तीन गोष्टी निवडाव्यात: एखादी थोडी अडचणीची, पण मिटलेली; एक अगदी साधी; आणि एक त्याच्या आनंदाची. अडचणीची घ्यावी असे मी आग्रहाने सांगते, कारण या वयाच्या मुलाला दिवसभराचे काही खुपत असेल तर ते अंधार झाल्यावर वर येते आणि त्याला ते शब्दांत मांडता येत नाही. रंग सांडला आणि पुसला, हे आईच्या आवाजात शांतपणे ऐकले की ते प्रकरण बंद झाल्याचे त्याला कळते. मात्र जे अजून मिटलेले नाही, उदाहरणार्थ पाळणाघरात कोणी रोज चावते आहे, ते गोष्टीत आणू नये. ते संध्याकाळी उजेडात, मांडीवर घेऊन बोलावे आणि ताईंशीही बोलावे. आणि या जागेचा उपयोग उपदेशासाठी चुकूनही करू नये. ‘त्या मुलाने आज भाजी टाकली, म्हणून गाडी रुसली’ असे एकदा जरी आले तरी गोष्ट त्याच्या दृष्टीने न्यायालय होते, आणि न्यायालयात कोणी झोपत नाही.

सांगण्याची पद्धत शब्दांइतकीच महत्त्वाची आहे. घाटकोपरपर्यंत वाक्ये लहान होत जावीत, आवाज खाली यावा, आणि दोन वाक्यांमध्ये एक पूर्ण श्वास घेण्याइतकी जागा सोडावी. आपण स्वतः संथ श्वास घेत असलात तर कुशीतल्या मुलाचा श्वासही थोड्या वेळाने संथ होतो. घड्याळाकडे पाहत, मनात उद्याच्या डब्याचा विचार करीत घाईने सांगितलेली गोष्ट मुलाला कळते. ज्या रात्री आपण फार थकला असाल त्या रात्री मुलुंड आणि नाहूर गाळून थेट भांडुपपासून सुरुवात केली तर चालेल, पण सुरू केल्यावर घाई करू नये.

तो मध्येच प्रश्न विचारील. ‘गाडीला चाके किती?’ याला उत्तर देऊ नये आणि ‘गप्प बस’ असेही म्हणू नये. गोष्टीच्याच आवाजात ‘ते सकाळी मोजू’ एवढे म्हणून पुढच्या स्थानकाकडे निघावे, आणि सकाळी खरोखर मोजावे. सकाळचा शब्द पाळला गेला नाही तर रात्रीचा शब्द तो मानणार नाही. कुर्ला आल्यावरही जाग असेल तर दुसरी गोष्ट सुरू करू नये. हाताने पाठ थोपटत ‘गाडी झोपली’ एवढेच दोन-तीनदा म्हणून शांत पडून राहावे. पाणी, शू, आणखी एक पापा अशा मागण्यांसाठी एक जुनी युक्ती आहे, जी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक फ्रायमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली तपासून मांडली. मुलाला झोपताना एक चिठ्ठी द्यायची आणि ती देऊन त्याला एकदाच, एका छोट्या कामासाठी उठता येईल असे ठरवायचे. चिठ्ठी वापरली की ती आईकडे जमा होते आणि त्या रात्री पुन्हा मिळत नाही. आपल्या मुलाला ही चिठ्ठी रेल्वेच्या तिकिटासारखी करून दिली तर तो फार आनंदाने पाळील असे मला वाटते. पुष्कळ मुले ती वापरीत नाहीत, नुसती मुठीत धरून झोपतात.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर दुपारची झोप अलीकडे आणावी, उजेड मंद करावा, क्रम रोज तोच ठेवावा, आणि एकच गोष्ट तीन आठवडे सांगावी, ज्यात त्याचा दिवस मध्यावर एकदा येतो आणि मग मागे पडतो. वेळेच्या बाबतीत एकदम साडेअकरावरून साडेनऊवर उडी मारू नये. पहिले तीन दिवस त्याला खरोखर झोप येते त्याच सुमारास, म्हणजे अकराच्या आसपास गोष्ट सांगावी, म्हणजे गोष्ट आणि झोप यांची जोडी त्याच्या मनात बसेल. मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे यावे. सकाळची उठण्याची वेळ मात्र रविवारीही तीच ठेवावी. गणपतीच्या दिवसांत, पाहुणे आल्यावर किंवा तापात हे विस्कटेल. तेव्हा वाईट वाटून न घेता दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागेवरून सुरुवात करावी.

एका गोष्टीविषयी मला सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपण जाता जाता उल्लेख केला आहे की गेल्या दिवाळीनंतर आपले सासरे वारले. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पाच वर्षांची एक मुलगी आली होती. ती रात्री डोळे मिटायलाच तयार नव्हती, झापड आली की दचकून उठे आणि आईला हलवून जागे करी. घरच्यांनी तिच्यासाठी फार मायेने गोष्टी रचल्या होत्या, परी तिला झोपवायला येते अशा. दोन बैठकांनंतर खेळताना तिने बाहुलीला निजवले आणि तिला म्हणाली, “झोपू नको हं, आजोबा झोपले ना!” घरात कोणीतरी तिला समजावताना सांगितले होते की आजोबा शांत झोपले आहेत, ते आता उठणार नाहीत. मोठ्यांच्या भाषेत हा मृदुपणा आहे. पण या वयाचे मूल शब्द जसेच्या तसे घेते, आणि त्या मुलीच्या लेखी झोपणे म्हणजे परत न येणे झाले होते. आम्ही तिच्या आईवडिलांच्या तोंडून तिला दिवसाउजेडी, सरळ शब्दांत सांगितले की आजोबा वारले, त्यांचे शरीर काम करायचे थांबले, आणि झोप वेगळी असते, झोपेत श्वास चालू असतो, हृदय चालू असते आणि सकाळी आपण उठतो. रात्रीच्या गोष्टीत आम्ही एकच भर घातली, ती म्हणजे शेवटी सकाळ होते. गाडी कारशेडमध्ये झोपते आणि सकाळी पहिल्या फेरीला निघते, हे वाक्य आपल्याही गोष्टीत कुर्ल्याला असू द्यावे. आपल्या घरी सासऱ्यांविषयी मुलाला कोणते शब्द सांगितले गेले हे सासूबाईंना आणि यजमानांना आवर्जून विचारावे. ‘झोपले’ किंवा ‘देवाघरी गेले, तिथून बघतात’ असे काही असेल तर ते आधी सोडवावे लागेल, गोष्टीचे काम त्यानंतर.

सासूबाईंच्या गोष्टींविषयी आपण थोड्या संकोचाने विचारले आहे. त्यांनी अवश्य सांगाव्यात. चिऊ दार उघडत नाही आणि दर वेळी ‘थांब, माझ्या बाळाला’ म्हणून एकेक काम सांगते, ती गोष्ट झोपेसाठी किती विचारपूर्वक बसविलेली आहे पाहा: तेच दार, तेच उत्तर, बाळाचे एकेक करून होणारे काम, आणि शेवटी बाळ झोपलेले. पिढ्यान् पिढ्या आज्यांनी हेच केले आहे, बाळाच्या जागी समोरचे मूल ठेवले आहे आणि ‘आंघोळ घालते’च्या जागी त्या दिवशीचे काहीतरी घातले आहे. सासूबाईंना फक्त एवढेच सुचवावे की कावळ्याला चटका बसतो तो शेवट रात्री गाळावा आणि बाळ झोपले तिथे थांबावे. त्याचप्रमाणे एका रात्री एकाच माणसाने सांगावे. आठवड्यातील वार वाटून घेतले तर मुलाला आधीच कळते की आज आजीची चिऊ आहे की आईची गाडी. नुकतेच दुःख झालेल्या आजीलाही नातवाजवळ पडून काही सांगण्याचा फार आधार होतो, असे मी पाहिले आहे.

पंधरा दिवस नीट करूनही काहीच फरक दिसला नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मूल रोज रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटत असेल तर पंधरा दिवसही थांबू नये. नाकामागील ॲडिनॉइड किंवा घशातील टॉन्सिल वाढले असतील तर कोणत्याही गोष्टीने स्वस्थ झोप लागणार नाही. पाय सतत हलवीत राहणे, पाय ओढतात अशी तक्रार करणे हे शरीरातील लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते, आणि रात्रीच गुदद्वाराशी खाज सुटत असेल तर जंतांचा विचार करावा लागतो. हे सारे सहज तपासता येते.

राहिला यजमानांचा प्रश्न. आपण लिहिले आहे की मुलगा दाराच्या घंटीकडे कान लावून असतो, म्हणून बाबांची गाडी कुठपर्यंत आली हेच गोष्टीत घ्यावे असे आपल्याला सुचले. कृपया तसे करू नये. ‘बाबा आता घाटकोपरला आले’ असे ऐकलेले मूल विक्रोळी, कांजूर मोजत भांडुपपर्यंत जागे राहील, आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. दहाला येणाऱ्या वडिलांनी घंटी न वाजवता किल्लीने दार उघडावे, आणि मूल झोपलेले असेल तर त्याच्या उशीपाशी रोज एक वस्तू ठेवावी, त्या दिवशीचा रुमाल किंवा कागदाची छोटी होडी, काहीही चालेल, पण रोज. आपण गोष्टीत भांडुपला एवढेच म्हणावे की रात्री बाबा उशीपाशी काहीतरी ठेवून गेले. सकाळी डोळे उघडल्यावर त्याचा हात आधी तिथे जाईल. मग चहाच्या वेळी पंधरा मिनिटे बाबांनी त्याच्याजवळ बसावे आणि काल रात्री गाडीचे काय झाले ते त्याच्याकडूनच, सगळ्या स्थानकांसह, ऐकून घ्यावे.